डमरूची कंबर: दोन सुपरमार्केट आणि एका देशाचा बाजार

सुपरमार्केटमध्ये माल स्वस्त मिळतो, सगळं एका छपराखाली मिळतं, वजनात मारत नाहीत. मग त्यांच्या ताकदीबद्दल एवढी ओरड कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मक्तेदार म्हटला की तो भाव चढवून गिऱ्हाइकाला लुबाडणारा असतो. इथे तर भाव पाडल्याची जाहिरात दारावरच लावलेली असते. स्वस्ताई आणि दांडगाई एकाच दुकानात कशी नांदते, हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियाइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. तिथलं चित्र गुंतागुंतीचं नाही. पात्रं मुळात दोनच आहेत.

१. दोनच नावं

मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला विचारा, महिन्याचं सामान कुठून भरता? तूरडाळ, पोहे आणि गोडा मसाला इंडियन स्टोअरमधून. बाकी सगळं वूलवर्थ्स नाहीतर कोल्समधून.

कोल्सची सुरुवात १९१४ साली मेलबर्नच्या कॉलिंगवूड भागातल्या एका दुकानापासून झाली, वूलवर्थ्सची १९२४ साली सिडनीत. (अमेरिकेतल्या प्रसिद्ध वूलवर्थशी या कंपनीचं काही नातं नाही. ते नाव ऑस्ट्रेलियात कुणी नोंदवलेलं नव्हतं, म्हणून यांनी ते उचललं. धंद्यातला धीटपणा पहिल्या दिवसापासूनचा.) पुढच्या काळात या दोघांनी लहानमोठी दुकानं आणि अख्ख्या साखळ्या गिळल्या. तिथल्या स्पर्धा आयोगाने वर्षभर चौकशी करून मार्च २०२५ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यानुसार देशातल्या सुपरमार्केट विक्रीपैकी ३८ टक्के वूलवर्थ्सकडे आणि २९ टक्के कोल्सकडे आहे. २००१ मध्ये आलेल्या जर्मन आल्डीकडे ९ टक्के. म्हणजे सुमारे पावणेतीन कोटींच्या देशात वाणसामानावरच्या दर शंभर डॉलरपैकी सदुसष्ट डॉलर दोन गल्ल्यांत जमा होतात.

यात एकटा कुणीच मक्तेदार नाही. पण विक्रेते दोनच उरले की संगनमत करायचीसुद्धा गरज पडत नाही. समोरच्याचा भाव त्याच्या फळीवर उघड लिहिलेला असतो. त्याने उतरवला की आपण उतरवायचा, त्याने चढवला की आपणही चढवायचा. दोघांनाही पक्कं ठाऊक असतं की भाव पाडून फार दिवस फायदा मिळणार नाही. आयोगाने हेच सभ्य भाषेत म्हटलं: या दोघांना भावावर जोमाने स्पर्धा करण्याचं फारसं कारणच उरलेलं नाही.

२. डमरूची कंबर

ही झाली विकण्याची बाजू. खरी ताकद मात्र विकत घेण्याच्या बाजूला आहे.

डमरू डोळ्यांपुढे आणा. एका तोंडाशी हजारो शेतकरी, गवळी, बिस्किटवाले, लोणचीवाले. दुसऱ्या तोंडाशी कोट्यवधी गिऱ्हाइकं. मधली कंबर अगदी अरुंद, आणि वाजवणाऱ्याचा हात नेमका त्या कंबरेवर असतो. सुपरमार्केट साखळी त्या जागी उभी आहे. पिकवणारा आणि खाणारा या दोघांना एकमेकांपर्यंत पोचायचं तर तिच्या हातातूनच जावं लागतं.

विकणारा एकच असेल तर ती मक्तेदारी, हे आपण शाळेत शिकलो. घेणारे मोजकेच असतील तर ती खरेदीदाराची मक्तेदारी. पहिली गिऱ्हाइकाच्या खिशावर येते आणि लगेच जाणवते. दुसरी शेतकऱ्याच्या बांधावर घडते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, उलट काही काळ ती सोयीचीच वाटते. कांद्याचे लिलाव पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बोली लावणारे चारच व्यापारी असतील तर माल कितीही सरस असो, भाव कुणाच्या बाजूने झुकतो ते तो जाणतो.

३. फ्लॉवरच्या हजार पेट्या

मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी साउथ नावाचा भाजीचा पट्टा आहे. तिथल्या एका शेतकऱ्याची आपण कल्पना करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, रीत मात्र खरी आहे.

त्याच्याकडे या आठवड्यात फ्लॉवरच्या १,००० पेट्या तयार आहेत. एक साखळी त्यातल्या ४०० उचलते, दुसरी ३००, उरलेल्या ३०० घाऊक बाजारात जातात. पेटीमागे त्याचा एकूण खर्च १० डॉलर, मागच्या आठवड्याचा भाव १२.

तिथे ताज्या भाजीचा भाव बहुधा आठवड्यागणिक ठरतो. शेतकरी आपला भाव आणि नग कळवतो. साखळीच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर सगळ्या शेतकऱ्यांचे भाव एकाच पडद्यावर असतात. शेतकऱ्याला फक्त स्वतःचा माहीत. अधिकारी म्हणतो, "बाकीचे दहाला द्यायला तयार आहेत." खरं की खोटं, तपासायची सोय नाही.

आता हिशोब करा. दहाला होकार दिला तर ४०० पेट्यांचे ४,००० डॉलर येतील. नकार दिला तर त्याच ४०० पेट्या घाऊक बाजारात न्यायच्या. तिथे अचानक एवढा माल आल्यावर भाव पडून समजा ६ वर आला, म्हणजे हाती २,४००. वर आधीच्या ३०० पेट्यांचाही भाव पडला, ते नुकसान निराळं. होकारात नुकसान कमी आहे, म्हणून तो हो म्हणेल.

बरं, अधिकाऱ्याने १० ऐवजी ७ म्हटले तर? पिकवायला १० लागले असूनही तो हो म्हणेल. बियाणं, खत, पाणी, मजुरी यांचे पैसे मातीत गेलेले आहेत आणि फ्लॉवर चार दिवस थांबत नाही. ७ हे ६ पेक्षा जास्त आहेत, एवढाच विचार त्या क्षणी करता येतो. साखळीचं काय जातं? हा नाही तर दुसरा. तिची फळी भरलेलीच राहते.

सौदा फिसकटला तर कोणाचं किती बिघडतं, यावर सौद्याची ताकद ठरते. शेतकऱ्याची निम्म्याच्या आसपास विक्री बिघडते. साखळीचा एक फोन वाढतो.

यात आणखी एक मेख आहे. हंगामाआधी साखळी अंदाज देते की आम्हाला साधारण इतका माल लागेल. त्यावर विसंबून शेतकरी लागवड करतो, आणि कमी पडून नाव खराब होऊ नये म्हणून थोडी जास्तच करतो. पण तो अंदाज म्हणजे करार नव्हे. प्रत्यक्षात कमी माल उचलला तर जास्तीचा माल बाजारात येऊन भाव पाडतो, आणि पडलेला भाव पुढच्या आठवड्याच्या सौद्यात साखळीच्याच कामी येतो.

४. नफा कमी पडला, तुम्ही भरा

ताजी भाजी सोडा, पाकिटबंद मालाच्या पुरवठादारांचं काय होतं? इथे मला अंदाज बांधायची गरज नाही, कारण प्रकरण न्यायालयात सिद्ध झालं आहे.

२०११ मध्ये कोल्सने एक योजना आखली. पुरवठा साखळी सुधारण्यावर आम्ही खर्च केला आहे, त्याचा तुम्हालाही फायदा होतो, तेव्हा विक्रीच्या प्रमाणात आम्हाला सूट द्या, असं सुमारे दोनशे लहान पुरवठादारांना सांगण्यात आलं. जे कुरकुरले त्यांच्यावर दबाव आला. दुसऱ्या एका प्रकरणातला प्रकार त्याहून अजब होता. एखाद्या वस्तूवर कोल्सला जेवढा नफा अपेक्षित होता तेवढा झाला नाही, तर उरलेली 'नफ्यातली तफावत' पुरवठादाराकडे मागितली जाई. माल विकून झाल्यावर! दुकानात खराब झालेल्या मालाचे पैसेही असेच मागे जाऊन मागितले गेले.

आपल्या पेठेतला दुकानदार पापडवालीला म्हणाला, "बाई, यंदा तुमच्या पापडांवर मला हजार रुपये सुटायला हवे होते, आठशेच सुटले, दोनशे आणून द्या," तर ती त्याला काय ऐकवेल ते लिहायला नको. पण तिच्याकडे गावातली दुसरी वीस दुकानं असतात. कोल्सच्या पुरवठादाराकडे एकच दुसरं दुकान होतं.

डिसेंबर २०१४ मध्ये फेडरल कोर्टाने कोल्सला १ कोटी डॉलर दंड केला. हे वागणं जाणूनबुजून आणि पुन्हा पुन्हा केलेलं होतं, असा ठपका ठेवला. कंपनीनेही गैरवर्तन मान्य केलं. पुरवठादारांना नंतर सव्वा कोटीच्या आसपास डॉलर परत मिळाले.

दंडापेक्षा मला दुसरी गोष्ट बोलकी वाटते. एवढ्या पुरवठादारांना हा अनुभव आला, पण उघडपणे पुढे यायला जवळजवळ कुणी तयार नव्हतं. दहा वर्षांनंतर, २०२४ मध्ये, माजी मंत्री क्रेग इमर्सन यांनी सरकारसाठी पुरवठादारांशी वागण्याच्या संहितेचा आढावा घेतला, तेव्हाही मुख्य अडचण हीच निघाली: तक्रार केली तर पुढच्या वेळी फळीवर जागा मिळणार नाही, ही भीती.

५. रुपयात तीन पैसे?

सुपरमार्केटवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: "अहो, शंभर रुपयांच्या विक्रीमागे आम्हाला जेमतेम दोन-तीन रुपये सुटतात. कसली लूट?" आकडा साधारण खरा आहे, पण अर्धवट आहे.

समजा, सगळा खर्च धरून ९७ रुपयांत पडलेला माल १०० ला विकला. नफा ३. पण तो माल दहा दिवसांत विकला गेला, म्हणजे वर्षात असे छत्तीस फेरे झाले. छत्तीस त्रिक एकशे आठ. आता यात पुरवठादाराची उधारी मिसळा. त्याचे पैसे तिसाव्या दिवशी द्यायचे असतील, तर माल विकून आलेली रक्कम वीस दिवस साखळीच्या हातात बिनव्याजी राहते. मालात तिचा स्वतःचा पैसा अडकतच नाही. दुकानं, गोदामं, ट्रक आणि फ्रीज यांत भांडवल अडकतं, म्हणून प्रत्यक्ष परतावा इतका डोळे दिपवणारा नसतो. तरी विक्रीवरचा टक्का आणि भांडवलावरचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यावरून दिसतं.

एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीपुढे नेमका हाच खटका उडाला. समितीचे अध्यक्ष निक मॅककिम यांनी वूलवर्थ्सचे प्रमुख ब्रॅड बँडुची यांना भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा किती, असं विचारलं. बँडुची दुसराच आकडा सांगत राहिले. शेवटी मॅककिम यांनी अवमानाची आणि तुरुंगवासाचीही जाणीव करून दिली. आयोगाच्या अहवालातही नोंद आहे की वूलवर्थ्स, कोल्स आणि आल्डी यांच्या नफ्याचं प्रमाण त्याआधीच्या पाच आर्थिक वर्षांत वाढलं. हीच ती महागाईची वर्षं.

६. साडेतीनाचे साडेचार, आणि वर 'भाव उतरला'

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापणं सक्तीचं आहे, त्यामुळे 'आधीचा भाव' काय याला काहीतरी आधार असतो. ऑस्ट्रेलियात तसं नाही. भाव दुकानच लावतं, 'आधीचा भाव'ही दुकानच सांगतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने दोन्ही साखळ्यांवर न्यायालयात दावे ठोकले. त्यातलं एक उदाहरण ओरिओ बिस्किटांच्या ३७० ग्रॅमच्या पुड्याचं आहे. आयोगाच्या म्हणण्यानुसार वूलवर्थ्समध्ये हा पुडा किमान ६९६ दिवस साडेतीन डॉलरला होता. मग २२ दिवसांसाठी तो ५ डॉलरला झाला. त्यानंतर साडेचारला, आणि वर फलक: 'भाव उतरला, आधी ५ डॉलर.' गिऱ्हाइकाला अर्धा डॉलर वाचल्यासारखं वाटलं, प्रत्यक्षात त्याने जवळजवळ दोन वर्षांच्या भावापेक्षा २९ टक्के जास्त मोजले. अशा २६६ वस्तू वूलवर्थ्सच्या आणि २४५ कोल्सच्या, असा आयोगाचा आरोप आहे. कंपन्यांनी तो नाकारला. पुरवठादारांनीच भाव वाढवून मागितले होते, असा त्यांचा बचाव.

तो बचाव अगदीच टाकाऊ नाही. कंपन्याही भाव वाढवून मागतात. पण वाढ मागणारा कुणीही असो, फलकावर काय लिहायचं हे दुकान ठरवतं.

७. एक डॉलरचं दूध

आता उलट बाजू. २६ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय दिनी, कोल्सने स्वतःच्या नावाचं दूध लिटरला एक डॉलर केलं. वूलवर्थ्स आणि आल्डी लगोलग त्याच भावावर आले. गवळी खवळले. त्यांचं म्हणणं, बाटलीबंद पाण्यापेक्षा दूध स्वस्त झालं. हा भाव आठ वर्षं टिकला आणि २०१९ च्या सुरुवातीला वूलवर्थ्स आणि कोल्स या दोघांनी तो सोडला.

इथे शेतकऱ्याचा भाव सुपरमार्केटनेच थेट पाडला असं ठामपणे म्हणता येत नाही. स्पर्धा आयोगाच्या २०१८ च्या दुग्ध अहवालात असा थेट संबंध आढळला नाही. गवळ्यांची मुख्य अडचण दूध प्रक्रिया कंपन्यांशी असलेले एकतर्फी करार ही होती, आणि त्यासाठी २०२० पासून वेगळी सक्तीची आचारसंहिता आली. डमरूला कधी कधी एकापेक्षा जास्त कंबरा असतात, आणि राग मात्र जिची पाटी मोठी तिच्यावर निघतो.

स्वतःच्या नावाचा माल हे मात्र जोरदार हत्यार आहे, हे त्या दुधाने दाखवलं. साखळी आपल्या नावाचं दूध, पास्ता, साबण विकू लागली की ती पुरवठादाराची गिऱ्हाईकही असते आणि प्रतिस्पर्धीही. शिवाय त्याचा माल कोणत्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीवर की पायाशी ठेवायचा, हेही तीच ठरवते.

८. तिसरा का येत नाही?

एवढा नफा असेल तर नवा माणूस दुकान टाकेल, असं पुस्तक सांगतं. जर्मनीच्या काउफलांड साखळीने तसं ठरवलंही होतं. जागा घेतल्या, माणसं नेमली, आणि जानेवारी २०२० मध्ये एकही दुकान न उघडता गाशा गुंडाळला. इतक्या मोठ्या कंपनीची ही कथा, तर बाकीच्यांनी काय करावं!

एक जुनी अडचण मोक्याच्या जागांची. शॉपिंग सेंटरशी भाडेकरार करताना 'इथे दुसरं सुपरमार्केट येऊ द्यायचं नाही' अशी अट घालण्याची तिथे रीत होती. २००९ मध्ये आयोगापुढे लिहून देऊन दोन्ही साखळ्यांनी ती सोडायचं कबूल केलं. ब्रिटनने २०१० मध्ये अशा जमिनीवरच्या अटींविरुद्ध आदेशच काढला.

९. लगाम

लगाम घालण्यात ब्रिटन पुढे होता. तिथे २०१० पासून वर्षाला एक अब्ज पौंडांहून जास्त वाणसामान विकणाऱ्या साखळ्यांना पुरवठादारांशी वागण्याची सक्तीची संहिता आहे, आणि २०१३ पासून तिच्यावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र लवाद. पहिल्या लवाद क्रिस्टीन टेकन यांनी जानेवारी २०१६ मध्ये टेस्कोबद्दल अहवाल दिला: कंपनीने पुरवठादारांची देणी जाणूनबुजून लांबवली होती. एका पुरवठादाराचे लाखो पौंड परत मिळायला वर्षाहून जास्त काळ गेला. हे प्रकार दंडाचा अधिकार मिळण्याआधीचे असल्याने दंड काही झाला नाही.

ऑस्ट्रेलियात २०१५ ची संहिता ऐच्छिक होती. ज्याच्यावर लगाम घालायचा त्यालाच विचारायचं, हवा का? इमर्सन यांच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची झाली आहे. ५ अब्ज डॉलरवरची उलाढाल असणाऱ्या साखळ्यांना ती लागू आहे, आणि गंभीर उल्लंघनाला उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कोल्सच्या त्या १ कोटीच्या मानाने हा आकडा खरोखर झोंबणारा आहे.

भारतात चित्र अजून निराळं आहे. वाणसामानाचा मोठा भाग आजही कोपऱ्यावरच्या दुकानांतून जातो. तरी डीमार्टने पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान काढल्यापासून बरंच पाणी वाहून गेलं आहे. पुरवठादाराला लवकर पैसे द्यायचे आणि बदल्यात कमी भाव मिळवायचा, अशी या साखळीची ख्याती. म्हणजे मोठेपणा वापरायची एकच तऱ्हा नसते. दुसरीकडे २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मोठ्या कंपन्यांचा माल पुरवणं थांबवलं होतं. बड्या घाऊक कंपन्यांना आमच्यापेक्षा स्वस्तात माल का देता, हा त्यांचा सवाल होता.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत, असा आपला कायदा २००६ पासून आहे. कंपन्यांना त्यांच्या ताळेबंदात अशा उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात, थकबाकी किती काळाची आहे त्यासह. तुम्ही ज्या साखळीतून सामान भरता ती शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तेवढी एक ओळ काढून वाचा.